स्वभावाला औषध नाही?



मेंदूविषयी बोलावयास या व्यासपीठावर एखादा डॉक्टर किंवा प्राध्यापक उभा राहिला असता, तर ते रीतीला धरून झाले असते. मी यांपैकी कोणी नव्हे. दहावीपर्यंत शिकलो, अठराव्या वर्षी कारखान्यात बदली कामगार म्हणून लागलो आणि पुढचे सारे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. मेंदूबद्दल मला जे थोडेफार कळते ते सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांतून, शेजारी शब्दकोश उघडा ठेवून, आणि दोन-तीन डॉक्टर मित्रांना पुनःपुन्हा प्रश्न विचारून जमविलेले आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिती सफाई नसेल. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. एका माणसाचे माझ्या हातून वाईट झाले, आणि ते का झाले हे समजून घेण्यासाठी मी या वाचनाकडे वळलो. ती हकिगत आधी सांगतो.

1997 सालची गोष्ट. मोटारीच्या बॅटऱ्या बनविणारा एक लहानसा कारखाना होता. साठेक कामगार, आणि युनियन आमची. त्या कारखान्यात प्लेटांच्या खात्यात एक कामगार होता. माझ्याहून आठनऊ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणत असे. शिशाच्या जाळीवर शिशाच्या भुकटीचा लगदा भरावयाचा, प्लेट वाळवावयाची, कडा घासून साफ करावयाच्या, हे त्याचे काम. बारा वर्षे तो ते करीत होता. माणूस अत्यंत शांत. खात्यात दोघांचे भांडण जुंपले तर मिटवावयास लोक त्याला बोलावीत.

हा माणूस दीड-दोन वर्षांत पार बदलला. क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून जाऊ लागला. सांगितलेले काम विसरू लागला आणि आठवण करून दिली की चिडू लागला. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने स्वतःचा डबा भिंतीवर फेकला. खाडे वाढले. हातातून हत्यार गळून पडे. शेवटी एके दिवशी त्याने फोरमनला ढकलले आणि मॅनेजरने त्याला चार्जशीट दिले. मॅनेजरचे म्हणणे एकच, हा पितो.

चौकशीच्या आधी त्याची पत्नी युनियनच्या कचेरीत आली. ती म्हणाली, “भाऊ, देवाशपथ सांगते, हे थेंबाला शिवत नाहीत. यांना काहीतरी झालंय. रात्र रात्र झोपत नाहीत. पोट धरून बसतात. तुम्ही एकदा घरी येऊन बघा.” मी येतो म्हणालो, आणि गेलो नाही. बोनसची बोलणी ऐन रंगात आली होती. कमिटीत विचार निघाला की एका माणसापायी ती बिघडू नयेत. एक जुना सभासद मान हलवून म्हणाला, “स्वभावाला औषध नाही.” ते सगळ्यांनाच पटले, कारण ते सगळ्यांच्याच सोयीचे होते. चौकशीत मी दादाचा प्रतिनिधी म्हणून शेजारी बसलो आणि एकही प्रश्न विचारला नाही. त्याला बडतर्फ केले.

पुढे वर्षभराने एका तरुण डॉक्टरने त्याला तपासले. त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा, की तुम्ही काम काय करीत होता? हा प्रश्न फार जुना आहे. इटलीतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि रोग्याला जे प्रश्न विचारावयाचे त्यांत धंद्याचा प्रश्न घालावा असे आपल्या व्यवसायबंधूंना बजावले. या डॉक्टरने तो विचारला. मग हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेने निळसर काळी रेघ होती. हात पुढे धरावयास सांगितले, तर उजवे मनगट खाली लोंबले. ते त्याला उचलता येईना. रक्त तपासले. रक्तात शिसे निघाले.

म्हणजे आम्ही ज्याला स्वभाव म्हणत होतो ते शिसे होते.

आता मी शास्त्राकडे वळतो. आपल्या कवटीत जो मेंदू आहे त्याचे वजन सुमारे 1300 ते 1400 ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या मानाने तो शेकडा दोन भरतो; पण शरीर जी शक्ती खर्च करते तिच्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा खातो. त्यात सुमारे 8600 कोटी मज्जापेशी आहेत. मेंदूतून पाठीच्या कण्यात उतरणारा मज्जारज्जू, आणि तेथून हातापायांपर्यंत, आतड्यांपर्यंत, बोटांच्या टोकांपर्यंत गेलेले मज्जातंतू, अशी ही संस्था आहे. डोळ्याने पाहिलेले, कानाने ऐकलेले, हाताला लागलेले सगळे या वाटेने मेंदूत येते, आणि काय करावयाचे याचा हुकूम याच वाटेने परत जातो.

राग येणे हे देखील याच संस्थेचे काम, आणि आलेला राग गिळणे हेही याच संस्थेचे काम. मेंदूच्या खोल भागात बदामाच्या आकाराची दोन केंद्रे आहेत. धोका दिसला की ती चटकन जागी होतात. छाती धडधडते, मुठी वळतात. कपाळामागचा जो भाग आहे तो त्यांना आवरतो. “थांब, हा फोरमन आहे, घरी पोरे आहेत, उद्या पगार आहे,” असे तो सांगतो. ज्याला आपण संयम म्हणतो, पुढचा विचार म्हणतो, मर्यादा म्हणतो, तो पुष्कळसा या भागाच्या कामावर अवलंबून असतो. हा भाग दुखावला, विषारला किंवा नुसता दमला, तर माणूस तोच दिसतो, नाव तेच असते, पण लगाम सुटलेला असतो.

हे जगाला एका कामगाराने शिकविले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याचे नाव फिनिअस गेज. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेचा रस्ता चालला होता. गेज हा सुरुंग लावणाऱ्या टोळीचा मुकादम होता; वय पंचवीस. 13 सप्टेंबर 1848 रोजी तो खडकातील भोकात दारू ठासत असता ठिणगी उडाली आणि ठासणीची लोखंडी पहार उलटी उसळली. साडेतीन फुटांहून थोडी लांब, सवा इंच जाडीची, सहा किलो वजनाची ती पहार डाव्या गालाखालून शिरली, डोळ्यामागून मेंदूच्या पुढच्या भागातून गेली आणि टाळू फोडून बाहेर जाऊन दूर पडली. माणूस जागच्या जागी मरावयाचा. पण गेज काही मिनिटांत बोलू लागला आणि बैलगाडीत बसून गावात आला.

जॉन हार्लो नावाच्या डॉक्टरने त्याच्यावर उपचार केले. जखम भरली, एक डोळा गेला, पण चालणे, बोलणे, हातपाय सारे शाबूत. हार्लोने 1868 साली जी हकिगत प्रसिद्ध केली तीत तो लिहितो, की अपघातापूर्वी हा मनुष्य समतोल, हुशार आणि हाती घेतलेले काम तडीस नेणारा होता. कंत्राटदार त्याला आपला सर्वांत कर्तबगार मुकादम समजत. नंतर मात्र तो लहरी झाला, शिवीगाळ करू लागला, कोणाचे ऐकेना, दहा बेत करी आणि दहाही सोडून देई. हा आमचा गेज नव्हे, असे मित्र म्हणू लागले. त्या कंत्राटदारांनी त्याला जुन्या जागी परत घेतले नाही. कर्तबगार मुकादमाचे पुढे काय झाले, याची चिंता करण्याचे त्यांना कारण वाटले नसावे.

गेजची गोष्ट बहुतेक पुस्तके येथेच संपवितात. तिचा पुढचा भाग मी आपणांस शेवटी सांगणार आहे. सध्या एवढेच ध्यानात ठेवू, की लोखंडाच्या पहारेने एका माणसाचा स्वभाव बदलला, आणि त्यामुळे स्वभाव कवटीत कोठे राहतो याचा माग शास्त्राला लागला.

पण पहार सर्वांना दिसते. कवटीला भोक पडलेल्या माणसाला कोणी दारुडा म्हणत नाही. शिसे दिसत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

शिसे हा शब्द आपल्या घरात सहज वावरतो. गंमत अशी, की मुलांच्या शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते; तिच्यात ग्रॅफाइट असते. उलट ज्याला परंपरेने शेंदूर म्हणतात तो शिशाचा असतो, आणि त्याच्या नावात शिशाचा उल्लेखही नाही. नावावरून विष ओळखता येत नाही, एवढे यातून घ्यावे.

हे शिसे शरीरात करते काय? एका मज्जापेशीचा निरोप दुसरीला पोहोचावयाचा असतो तेव्हा दोघींच्यामध्ये एक सूक्ष्म फट असते. पहिल्या पेशीत कॅल्शियमचे कण शिरले, की ती एक रासायनिक द्रव्य त्या फटीत सोडते, आणि निरोप पलीकडे जातो. शिशाच्या कणावरील विद्युत्भार कॅल्शियमच्या कणाइतकाच असतो. आमच्या भाषेत सांगायचे तर शिसे हे कॅल्शियमचा बिल्ला लावून गेटातून आत शिरते. रखवालदार बिल्ला पाहून सोडतो. आत गेल्यावर ते कॅल्शियमचे काम धड करीत नाही आणि खऱ्या कॅल्शियमलाही करू देत नाही. निरोप नको तेव्हा सुटतात, हवे तेव्हा सुटत नाहीत. मग विसराळूपणा येतो, झोप उडते, डोके दुखते, माणूस चिडचिडा होतो. हाताचे मज्जातंतू बिघडले की मनगट लोंबते. आतड्यांना पीळ पडल्यासारख्या कळा येतात. दादाची पत्नी युनियनच्या कचेरीत उभी राहून मला हीच लक्षणे सांगत होती. डॉक्टरी पुस्तकात ती ज्या शब्दांत लिहिली आहेत त्याहून तिचे शब्द वेगळे होते, इतकेच.

रक्तातले शिसे, नवे आत गेले नाही तर, महिन्याभराने सुमारे निम्मे होते. पण त्यातला मोठा भाग हाडांत जाऊन बसतो, कारण हाडे कॅल्शियमची बनलेली आहेत आणि तेथेही हाच बिल्ला चालतो. हाडांत ते वीस-वीस वर्षे राहते. बाई गरोदर राहिली आणि तिच्या हाडांतून कॅल्शियम निघू लागले, की जुने शिसेही त्याबरोबर निघते आणि पोटातल्या बाळापर्यंत जाते.

हे विष चुकून पोटात जाते, कामगार हात न धुता जेवतात, असे मालक पूर्वी म्हणत. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टर बाई होऊन गेल्या. 1910 साली इलिनॉय राज्याने विषारी धंद्यांची पाहणी केली, तिचे काम त्यांनी पाहिले. कारखान्यात विचारले तर कोणी आजारी नाही असे उत्तर येई. तेव्हा त्या कामगारांच्या घरी गेल्या, औषधाच्या दुकानात गेल्या, धर्मगुरूंना भेटल्या आणि आजारी माणसे शोधून काढली. शिसे मुख्यतः धुळीतून आणि धुरातून श्वासावाटे आत जाते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे दोष कामगाराच्या न धुतलेल्या हाताचा नव्हता, खात्यातील हवेचा होता. 1919 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अध्यापक नेमले. तेथील त्या पहिल्या स्त्री अध्यापक. त्यांचे आत्मचरित्र मी वाचले तेव्हा एका वाक्यापाशी नव्हे, तर एका कृतीपाशी अडखळलो. त्या घरी गेल्या होत्या. मी गेलो नव्हतो.

आणखी एक घटना सांगतो. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात पेट्रोलमध्ये मिसळावयाचे शिशाचे एक द्रव्य तयार करीत होते. तेथील कामगार एकामागून एक भ्रमिष्ट झाले. नसलेले किडे अंगावरून झटकू लागले, हिंसक झाले. काहींना बांधून ठेवावे लागले. पाच माणसे मेली आणि तीसहून अधिक रुग्णालयात गेली. कामगार त्या द्रव्याला आधीपासूनच वेडाचा गॅस म्हणत. आणि कंपनीच्या एका अधिकाऱ्याने वृत्तपत्रांना काय सांगितले? तर ही माणसे फार काम केल्यामुळे वेडी झाली असावीत. तरीही तेच द्रव्य पुढे जगभरच्या पेट्रोलमध्ये गेले. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले. जगातील शेवटच्या देशात, अल्जीरियात, 2021 साली.

आता आपणांपैकी कोणी म्हणेल, हे कारखान्यातले झाले, आम्हा गावकऱ्यांचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी 2020 साली जो अहवाल काढला त्यात असे म्हटले आहे, की जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या, म्हणजे 80 कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणे आणि वितळविणे, हे त्याचे एक मोठे कारण. बाप कामावरून येतो तेव्हा कपड्यांवरची धूळ घरात येते, आणि रांगते मूल जमिनीवरचे सगळे तोंडात घालते. मुलाचा मेंदू वाढत असतो, म्हणून त्याला थोडेही फार होते. सुरक्षित म्हणता येईल असे शिशाचे प्रमाण ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा मुलाचे वर्गात लक्ष लागत नाही, ते चुळबुळ करते, मारामारी करते. मास्तर म्हणतात मठ्ठ आहे, शेजारी म्हणतात वळण नाही. दादाचा धाकटा मुलगा शाळेत असाच मागे पडला होता. त्याचे रक्त कोणी तपासले नाही, म्हणून त्याबद्दल मी निवाडा देत नाही. पण त्याच्या पाठीत मारलेले धपाटे मला आठवतात.

लोखंड झाले, शिसे झाले. तिसरी गोष्ट अशी आहे की तिला पहारही लागत नाही आणि विषही लागत नाही. ती म्हणजे जागरण. आपल्या मेंदूत, डोळ्यांमागे, सुमारे वीस हजार मज्जापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. दिवस कोणता आणि रात्र कोणती याचे घड्याळ तो चालवितो. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते हे फळमाशीवर प्रयोग करून ज्या तिघा शास्त्रज्ञांनी शोधले, त्यांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीचा कामगार या घड्याळाच्या विरुद्ध जगतो. दिवसा झोपावयाचे तर घर दहा बाय बाराचे, बाहेर भाजीवाला ओरडतो, घरात पोरे खेळतात. त्यातून डबल पाळी पडली की पाहावयासच नको.

ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी त्याच माणसांना एकदा जागे ठेवले आणि एकदा मद्य दिले, आणि दोन्ही वेळा हात व डोळा यांची चाचणी घेतली. सतत सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात दर 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका चुकत होता. चोवीस तास जागा असलेला त्याच्या दुपटीइतक्या मद्याच्या माणसाइतका. आपल्या मोटार वाहन कायद्याने वाहन चालविणाऱ्याला 30 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. म्हणजे डबल पाळी करून घरी निघालेला कामगार दारू न पिताही दारू प्यायल्यासारखा रस्त्यावर येतो. आणि अपुऱ्या झोपेने मेंदूचा कोणता भाग आधी ढिला पडतो? कपाळामागचा, लगामाचा. घरी पोचल्यावर बायकोवर ओरडणारा हा माणूस वाईट असेलही. पण तो किती झोपला होता हे विचारल्यावाचून ते ठरवू नये.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. सगळे मेंदूवरच ढकलले तर जबाबदारी कोणाचीच उरणार नाही. उद्या दारू पिऊन मारहाण करणारा म्हणेल, माझ्या मज्जापेशींनी मारले. एका गेटसभेत एका तरुण कामगाराने मला हे विचारले होते, आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आले नव्हते. आज मी असे म्हणतो. मेंदू हे कारण आहे, ती सबब नव्हे. शिसे भरलेले, झोप न मिळालेले, उपाशी असलेले कितीतरी लोक हात उगारीत नाहीत; त्यांचा मोठेपणा आपण पुसून टाकता कामा नये. जिला मार बसतो त्या बाईला संरक्षण आधी हवे, कारणांचा शोध नंतर. परंतु कारण शोधले म्हणजे जबाबदारी नाहीशी होत नाही. ती तिच्या खऱ्या वाटेकऱ्यांत वाटली जाते. फोरमनला ढकलले ही चूक दादाची. खात्यात धूळ ओढून घेणारा पंखा नव्हता, ही चूक मालकाची. शिशाच्या विषबाधेला 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने धंद्याचा रोग मानले होते, आणि 1948 च्या कारखाने कायद्यात कळवावयाच्या रोगांच्या यादीत ती पहिलीच होती. ही यादी मॅनेजरने वाचली नव्हती आणि युनियनच्या सेक्रेटरीनेही वाचली नव्हती. तो सेक्रेटरी मी. चौकशीत मात्र सगळी जबाबदारी एकट्या दादाच्या अंगावर टाकून आम्ही सारे मोकळे झालो.

दुसऱ्या टोकाचा धोकाही सांगून ठेवतो. एकोणिसाव्या शतकात कवटीवरचे उंचवटे चाचपून हा चोर, हा प्रामाणिक, असे ठरविणारे लोक युरोपात होते, आणि ते शास्त्र म्हणून खपत होते. मेंदूच्या नावाखाली माणसांना कायमचे शिक्के मारणे हे स्वभावाच्या नावाखाली मारलेल्या शिक्क्यांइतकेच वाईट. मेंदू दगडात कोरलेला नसतो. तो सवयीने, शिक्षणाने, विश्रांतीने आणि माणसांच्या सहवासाने बदलत राहतो.

याचा पुरावा पुन्हा तोच गेज. तो आयुष्यभर बिघडलेलाच राहिला अशी समजूत होती. पण 1852 साली तो दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि तेथे कित्येक वर्षे त्याने घोड्यांची टपालगाडी हाकली. सहा घोडे जुंपलेली गाडी हाकणे हे काही लहरी माणसाचे काम नव्हे. पहाटे उठावयाचे, घोडे जुंपावयाचे, उतारूंशी नीट बोलावयाचे, वेळेवर पोचावयाचे. पुढे झटके येऊ लागले आणि 1860 साली सॅन फ्रान्सिस्कोकडे तो वारला. अलीकडे ज्यांनी त्याच्या चरित्राचा कसून शोध घेतला त्यांचे मत असे, की या नेमाच्या, ठराविक कामाने त्याचे वागणे पुष्कळ सावरले होते. कंत्राटदारांनी नाकारलेल्या माणसाला कोणीतरी काम दिले, आणि कामाने त्याला काही अंशी पुन्हा गेज केले. स्वभावाला औषध नसते तर हे झाले नसते.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या युनियनने एक साधा नियम केला आहे. चांगला वागणारा माणूस एकाएकी बिघडला, तर चार्जशीटला उत्तर लिहिण्यापूर्वी त्याच्या घरी जावयाचे आणि तीन प्रश्न विचारावयाचे. तू किती तास झोपतोस? तू काम करतोस तेथील हवेत काय आहे? डोक्याला कधी मार लागला होता काय? मग डॉक्टर, आणि मग चौकशी. शिशाच्या खात्यांत ठराविक मुदतीने रक्ततपासणी झाली पाहिजे आणि तिचा आकडा कामगाराच्या हाती पडला पाहिजे, ही आमची मागणी असते. अमेरिकेत 1978 च्या नियमाने असे ठरविले, की रक्तातील शिसे मर्यादेबाहेर गेले तर कामगाराला त्या कामावरून हलवावे, आणि अठरा महिन्यांपर्यंत त्याचा पगार व ज्येष्ठता कमी करू नये. यात मोठा अर्थ आहे. पगार जाणार असेल तर कोणीही आपले आजारपण लपवील. आपणही आपल्या घरी, शाळेत, कचेरीत हेच तीन प्रश्न आपल्या भाषेत विचारू शकता. त्यांना खर्च लागत नाही.

दादाचे पुढे काय झाले ते सांगून संपवितो. शिशापासून दूर झाल्यावर सहासात महिन्यांत मनगट बरेचसे उचलू लागले. चिडचिड कमी झाली. आम्ही भरपाईचा दावा लढविला आणि काही रक्कम मिळाली. नोकरी मिळाली नाही. मी त्याच्या घरी गेलो तो त्या निकालानंतर, म्हणजे पत्नीने बोलावल्यापासून जवळजवळ तीन वर्षांनी. तिने चहा केला. मी माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मालकाचं मला काही वाटलं नाही, तो मालकच होता. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा तुझं असायला हवं होतं रे.”

बंधुभगिनींनो, संघटना म्हणजे काय याची याहून चांगली व्याख्या मला आजवर कोणत्या पुस्तकात सापडली नाही. एकाचा लगाम सुटला तर दुसऱ्याने तो धरावयाचा, आणि तो का सुटला हे शांत डोक्याने पाहावयाचे. समाजालाही हे लागू आहे, कुटुंबालाही.